वाऱ्यावरचा रोट

शेरगी वारा सुटला की तामसुल्तमधली माणसं आधी नाकाला फडकं बांधतात आणि मग खिसे रिकामे करतात. वाळवंटाच्या अंगानं येणारा हा वारा म्हणजे उघड्या भट्टीचा श्वास. त्यात खजुरीची एक वाळकी झावळी दुसरीवर घासली तरी पेट घेते, असं तिथले म्हातारे सांगतात. म्हातारे सांगतात त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं गावाच्या पायथ्याशी पसरलेलं खजुरीचं बन खाऊन टाकायला पुरेसं आहे. खोऱ्यात खालच्या अंगाला एक गाव होतं, त्याचं बन असंच एका दुपारी गेलं आणि पाठोपाठ गावही गेलं. बनाशिवाय तिथं थांबून करायचं काय? म्हणून शेरगीत तामसुल्तमध्ये विस्तव बंद. काडेपेट्या, लायटर, गॅसच्या शेगड्यांची बटणं, सगळं एका घरी नेऊन द्यायचं आणि वारा पडेपर्यंत ताकात सातूचं पीठ कालवून खायचं. विस्तव लपवला तर पाण्याची पाळी जाते, आणि लपवल्याचा खोटा आळ घेतला तरीही जाते. त्यामुळे एरवी जिभेला हाड नसलेली ही माणसं त्या दिवसांत फार जपून बोलतात.

त्या वर्षी विस्तव तुदाच्या घरी होता. गावानं तिला नेमलं ते तिच्या नाकासाठी. गल्लीच्या टोकाला कुणाची डाळ तळाला लागली हे तिला भांड्याच्या मालकिणीआधी कळायचं, आणि घरात शिरलेला नवरा कुठल्या मित्राकडून आला हे तो तोंड उघडायच्या आत. वाऱ्यात धुराचा धागा पकडायला असंच नाक हवं.

तिचा नवरा हद्दू हा गावातला सगळ्यात नाठाळ जेवणारा. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोच्या हातचा एक रोट नाव न ठेवता खाल्ला नव्हता. जाड असला तर म्हणायचा, दाराला अडसर कर. पातळ असला तर म्हणायचा, ह्यातून पलीकडचा डोंगर दिसतो. लायटर द्यायलाही त्यानं आढेवेढे घेतले.

“माझी एक सिगारेट काय गाव जाळणार आहे?”

“गाव राहू दे, मीच जाळीन तुम्हाला. टाका पेटीत.”

“सातू खाऊन मेलो तर?”

“तर निदान नावं न ठेवता मराल.”

त्यानं लायटर टाकला, तुदानं पेटीला कुलूप लावलं, आणि वाऱ्यानं गावाचा ताबा घेतला.

पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले. दातांत वाळू, कातडीला भेगा, भिंतीच्या सावलीत जिभा काढून बसलेल्या शेळ्या. तिसऱ्या दुपारी शेजारची इत्तो कुंपणावरून वाकली आणि हळूच म्हणाली, “तुदा, बडीशेप घातलीस होय गं?”

“कशात?”

“रोटात. वास सुटलाय की.”

तुदानं वाऱ्याकडे तोंड केलं. धूळ होती, शेळ्या होत्या, तापलेली माती होती. रोट नव्हता. तिनं इत्तोला आत बोलावलं, तिचा हात धरून मातीच्या भट्टीत कोपरापर्यंत घातला. इत्तोनं हात बाहेर काढून बोटांची राख झटकली.

“थंडगार आहे,” ती म्हणाली. मग डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं. “पण झालाय छान.”

तुदाला वाटलं, ही थट्टा. पण दुसऱ्या दिवशी हद्दूनं सातूचा वाडगा न चाखताच बाजूला सारला. “पोट भरलंय,” म्हणाला. तो पूर्वेला, वाऱ्याकडे तोंड करून उंबऱ्यावर बसला होता आणि त्याचा जबडा सावकाश हलत होता, रवंथ करणाऱ्या जनावराचा हलतो तसा. तोंडात काही नव्हतं. ते तुदानं बोट घालून पाहिलं, आणि त्यानं पाहू दिलं.

गावात कुजबूज व्हायला हवी होती, ती झाली नाही. वास साऱ्यांनाच येत होता, पण आळ घेतला तर पाळी जाईल, म्हणून तो कुणाच्या घरचा हे कुणीच विचारलं नाही. शेजाऱ्यानं चोरून भट्टी लावली असेल आणि आपण गप्प बसलो तर वास तरी फुकट मिळेल, असा हिशेब जो तो मनाशी करत राहिला. तुदा शेवटी पाणीवाटप बघणाऱ्या दद्दा ब्राहिमकडे गेली. गावाच्या वेशीत, सावलीत, म्हातारा डोळे मिटून बसला होता आणि दात नसलेल्या हिरड्या एकमेकींवर आपटत होत्या.

“दद्दा, लोक जेवत नाहीत.”

“जेवतात की, पोरी.”

“काय जेवतात?”

“खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत,” दद्दा गोड हसून म्हणाला. त्याचे गाल भरले होते. तुदाला ते गाल गेली कित्येक वर्षं खप्पड आठवत होते.

परत येताना तिनं आपलं नाक तपासलं. कांदा फोडला, ओव्याची पानं चुरडली, गाढवाच्या पाठीला नाक लावलं. सगळे वास आपापल्या जागी होते. घराघरांत मात्र ताक आंबून फुगलं होतं, सातूच्या वाडग्यांवर वाळूची साय धरली होती, आणि माणसं तुकतुकीत दिसत होती. न येणाऱ्या वासाला ती भीत नव्हती. तिला एकच भय होतं, की ह्या सगळ्यांची नाकं त्या रोटानं भरली असताना बनात खरोखर धूर झाला, तर तो हुंगायला तामसुल्तमध्ये तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. आणि एकट्या बाईच्यानं बन विझत नाही.

धूर झालाच. भर दुपारी, अंगणात झाडू मारताना, तिच्या नाकात वाळक्या झावळीचा तो आंबूस, करपल्या गुळासारखा वास शिरला आणि ती झाडू टाकून धावत सुटली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लोक उंबऱ्यांवर ओळीनं बसले होते, पूर्वेकडे तोंडं करून.

“आग! उठा! बनात आग लागलीये!”

इत्तोनं तिचा पदर धरला. “बस गं. आज जरा करपलाय, पण चालेल.”

तुदानं पदर हिसकला आणि हद्दूला खांद्याला धरून गदागदा हलवलं. “उठा हो! तुमच्या बापानं लावलेली झाडं आहेत ती!”

हद्दूनं डोळे उघडले नाहीत. “करपलेल्या कडाच मला आवडतात,” तो म्हणाला. उभ्या जन्मात करपलेल्या कडेवरून ज्यानं तिला रडवलं होतं, तो हद्दू.

ती एकटीच गेली. आग अजून लहान होती, एका म्हाताऱ्या खजुरीच्या बुंध्यावरून वर चढत होती आणि तिच्या पायथ्याची सुकी पानं वाऱ्यानं गावाच्या दिशेनं सरकत होती. त्या दिवशी पाण्याची पाळी दद्दा ब्राहिमची होती. दुसऱ्याच्या पाळीचा पाट फोडणं हे तिथं चोरीहून वाईट. तुदानं हातांनी मातीचा बांध उकरला, पाणी झाडांखालच्या लसूणघासात सोडलं, गोणपाट भिजवून ती ज्वाळा बडवत राहिली. भुवया गेल्या, तळहात सोलले. ती खजुरी शेंड्यापर्यंत काळी झाली, पण तिच्या पलीकडची वाचली आणि तिच्या पलीकडचं सगळंच वाचलं. चिखलात बसून ती गावाकडे पाहत राहिली. पाणी चोरलं म्हणून तरी कुणी ओरडत येईल, अशी तिला आशा होती.

पुढच्या सकाळी वारा पडला. झावळ्या सरळ लोंबू लागल्या. लोक आले, रांगेत उभे राहिले, आपापल्या काडेपेट्या आणि बटणं घेऊन गेले. नेहमीसारखी ढकलाढकली नाही, की माझा लायटर बदलला म्हणून भांडण नाही.

“दद्दा, तुमच्या पाळीचा पाट मी फोडला,” तुदा म्हणाली.

“हो का?” म्हातारा म्हणाला, आणि काडेपेटी कानाशी हलवून, आतला आवाज ऐकून, खिशात टाकून गेला.

तुदानं भट्टी पेटवली. सोललेल्या हातांनी पीठ मळलं, बडीशेप घातली, वरून लोणी चोळलं. रोट फुगला आणि त्याचा वास अंगणभर झाला. दुपार झाली तरी दुसऱ्या कुठल्याही घरातून धूर वर गेला नव्हता. हद्दू भिंतीला टेकून बसला होता. त्यानं चार शिव्या तरी घालाव्यात म्हणून तिनं रोटाची एक बाजू मुद्दाम जाड ठेवली होती. तो मोडून, वाफेसकट, तिनं त्याच्या ओंजळीत ठेवला.

हद्दूनं तो उलटून पाहिला. नखानं टकटक केलं. नाकाशी नेला, पुन्हा खाली आणला, आणि परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं, कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं त्यानं विचारलं, “छान आहे. पण ह्याचं करायचं काय असतं?”