सासऱ्यांना घेऊन आडवाटेनं

कुठल्याही गावी गेलो की मी हमरस्ता सोडतो. हायवेवरून कुणीही जाईल, आडवाट सापडायला नजर लागते, असं मी लोकांना ऐकवत असतो. माझी सायकल महागडी असल्यामुळे लोक ऐकूनही घेतात.

लग्नानंतर पहिल्यांदा जयसिंगपूरला सासुरवाडीत राहायला गेलो, तेव्हाही सायकल गाडीच्या टपावर बांधून नेली. सासरे नृसिंहराव यांचं खतांचं दुकान. माणूस दणदणीत. गिऱ्हाईक, हमाल, शेजारी, स्वतःची मुलगी, सगळ्यांशी भांडल्यासारखं बोलणार. मी दिसलो की मात्र खुर्चीतून उठायचे, "या मोहितराव, बसा" म्हणायचे आणि गप्प. घरात कलेक्टर मुक्कामाला आल्यासारखं वाटायचं. मला तो मान नको होता. त्यांनी माझ्याशीही घसा ताणून बोलावं, एवढंच हवं होतं.

म्हणून रविवारी मीच म्हटलं, "बाबा, कुरुंदवाडला सायकलनं जाऊ या. आडवाटेनं. वाट मी शोधतो."

"तुम्ही म्हंशिला तसं," ते म्हणाले आणि दुकानामागची जुनी सायकल पुसायला लागले.

शिरोळ मागं पडल्यावर मी डांबरी सोडली. मोबाईलच्या नकाशात काहीच दिसत नव्हतं, पण ट्रॅक्टरची ताजी चाकोरी उसातून आत गेली होती. "ही बघा अस्सल वाट!" मी ओरडलो. मागून फक्त "व्हय" आलं. दर वळणावर मी विचारायचो, "बरोबर ना?" मागून "व्हय की." त्यांना माझं कौतुक वाटतंय याची मला खात्रीच पटली. त्या भरात मी नदीकाठच्या काळ्या मातीवर छोटंसं व्याख्यानही दिलं. जन्मभर खत विकलेल्या माणसाला.

चाकोरी तोडलेल्या उसाच्या फडात जाऊन संपली. ट्रॅक्टर ऊस भरायला आत आला होता आणि आल्या वाटेनं परत गेला होता. समोर नुकतंच पाणी पाजलेलं रान.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. ही वाट तोडणीपुरती आसती. फुडं काय न्हाय."

"मग बोलला का नाहीत?"

ते ओशाळले. "जावयाला चुकलासा म्हणायचं व्हय, मोहितराव?"

मला स्वतःचाच इतका राग आला की मी सायकल थेट त्या रानात घातली. पुढचं चाक रुतलं आणि मी हँडलवरून चिखलात. मोबाईल तेवढा उंच धरलेला.

"आरं ए खुळ्या!" सगळा फड दणाणला. "पाणी पाजल्यालं रान दिसंना व्हय तुला? डोळं हायत का बटणं? मोबाईल काय धरतोस, सायकल धर की!"

लगेच त्यांनी जीभ चावली. "म्हंजे... लागलं तर न्हाय, मोहितराव?"

"नाही, बाबा. पण थांबू नका ना. बोला तसंच."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मी चिखलात बसून हसत होतो, आणि खरं सांगायचं तर मला भरूनही आलं होतं.

मग त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, आत आले, दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि डांबरी लागेपर्यंत झाडत राहिले. नकाशा, हेल्मेट, महागडी सायकल, काही सोडलं नाही. मातीवरचं व्याख्यान तर त्यांच्या फारच जिव्हारी लागलं होतं.

डांबरीवर त्यांनी आपली सायकल पुढं काढली. "आता माझ्या मागनं ये. आणि त्वांड बंद."

कुरुंदवाड येईपर्यंत मी खरंच तोंड उघडलं नाही. पुढून त्यांचं चालूच होतं.