कोरी नळी

कोटाचं वरचं बटण लोंबायला लागलं होतं. आईने ते लेकीच्या अंगावरच शिवलं, गाठ मारली आणि कात्री शोधायचा कंटाळा म्हणून दोरा दातांनी तोडला.

"शी! लॅबचा कोट आहे हा, आई. उष्टा केलास."

"नऊ महिने पोटात होतीस, तेव्हा नाही का उष्टी झालीस?" आई हसली. "बघ बरं, घट्ट बसलंय का?"

"उशीर होतोय मला," म्हणत लेक जिना उतरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

पंधरवड्याने लेक कामावर आली. लोकांच्या रक्तातून, थुंकीतून डीएनए काढून तो स्वच्छ करायचा, हे तिचं काम. दर खेपेला सोबत एक कोरी नळीही चालवायची. रसायनं सगळी तीच, फक्त आत कुणाचं काही नाही. ती शेवटपर्यंत कोरी निघाली, तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा.

त्या दिवशी ती कोरी निघाली नाही.

लॅबच्या मोठ्या बाईंनी निकालाचा कागद दोनदा पाहिला. "बाईमाणूस आहे. मला वाटलं, तूच. पण तू नाहीस. प्रत्येक खूण निम्मी मात्र तुझ्याशी जुळते. तुझी आई येऊन गेली की काय इथं?" म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

लेकीची हातमोज्यातली बोटं गळ्याशी होती, बटणाच्या दोऱ्याशी चाळा करत. मोजे चढवल्यावर कोटाला हात लावायचा नाही, हे ती स्वतःच नव्या मुलींकडून घोकून घ्यायची.

बाईंनी ते पाहिलं. "आज संध्याकाळी तो कोट जाळायला टाक गं," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारी सगळे जेवायला गेले. तिने दोऱ्याचं तुटकं टोक कापून नळीत टाकलं. पेशी फोडणारं द्रावण घातलं, नळी उबेला ठेवली, गरगर फिरवून गाळ वेगळा केला. शेवटी डीएनएचे धागे वेगळे करणारं गार अल्कोहोल कडेकडेने सोडलं. एवढ्याशा उष्ट्यातून डोळ्यांना दिसेल इतका डीएनए निघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तरी तळातून एक पांढरा धागा वर आला. हलला, थांबला. नळी स्टँडमध्ये होती, पंखा बंद होता. धागा पुन्हा हलला, विचारल्यासारखा.

तिने बटण ओढून पाहिलं.

"घट्ट बसलंय, आई," ती मोठ्याने म्हणाली. "तेव्हाही बघितलं होतं मी. जिन्यातच."