सव्वा महिना

“रागात असशील तं लेकराले शिवू नोको. आंधी हात ऊन कर, मंग मन थंडं कर. मन नसंल होत थंडं, तं सरळ घरी वापस ये. पन तसा हात लावू नोको.”

टोरोंटोजवळच्या त्या घरात, सकाळी सव्वादहा वाजता, तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवताना अंजनाबाईला सासूचा हा आवाज स्वच्छ ऐकू आला. सासूला जाऊन चौदा वर्षं झाली होती. नागपुरात हुडकेश्वरपासून मानेवाड्यापर्यंतची कितीतरी बाळं त्या बाईच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. तिनंच अंजनाबाईला शिकवलं की बाळाची मान कशी पेलायची, टाळूवर तेल कसं जिरवायचं. आणि शेवटी हा एक नेम घालून दिला. तीस वर्षांत अंजनाबाईनं तो मोडला नव्हता. नवरा हयात असताना एकदा घरात ताटं फेकेपर्यंत भांडण झालं, तर त्या दिवशी तिनं तीन घरी निरोप पाठवला होता की आज मालिश होणार नाही.

समोर टॉवेलवर गार्गी पाय झाडत होती. दोन महिने अकरा दिवसांची. वाटी दिसली की ती हुंकार द्यायची.

अंजनाबाईनं वाटी पाण्यातून काढली, पुसली, ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर झाकणी घातली.

“ताई, आज मी बाळाले हात नाई लावत.”

चारुशीलाताईंनी चहाचा कप तोंडाजवळच थांबवला. “म्हणजे? बरं नाही का?”

“बरी हाय. हातात राग हाय माह्या.”

चारुशीलाताई नागपूरच्या, लक्ष्मीनगरातल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. लेकीच्या, मुग्धाच्या, बाळंतपणाला त्या इथे आल्या तेव्हा अंजनाबाईला सोबत घेऊन आल्या. विमानतळावर कोणी विचारलं तर ‘मी मुग्धाची मावशी’ असं सांगायचं, हे त्यांनी घरीच चारदा घोकून घेतलं होतं. परतीचं तिकीट येत्या शनिवारचं होतं. अंजनाबाई निघाली तीच मुळी या बोलीवर. तिची एकुलती एक लेक मेघा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर म्हणजे तरी कोण, एकटी अंजनाबाई. आणि आज सकाळी पोळी लाटताना तिच्या कानावर पडलं की तिकीट दोन महिने पुढे ढकललंय. ढकलून आठवडा झाला होता. चारुशीलाताई हे जावयाला सांगत होत्या, तिला नाही.

“ही धमकी आहे का, अंजनाबाई?”

“धमकी कायची, ताई. सैपाक करते, भांडे घासते, कपडे धुते. पन बाळाले नाई लावत.”

“अहो, मुग्धाचं ऑफिस सुरू होतंय. माझे गुडघे हे असे. दोन महिन्यांनी काय बिघडतं? मेघाच्या सासरी बायका नाहीत का?”

“बायका तं सगळीकडं हायेत, ताई. तुमच्या पोरीच्या शेजारी बी असतीन. मंग तुम्ही काहून आल्या?”

चारुशीलाताईंचा चेहरा लाल झाला. “तोंड सांभाळून बोला.”

“मावशी म्हून आनलं. मावशीले न विचारता कोनी तिकीट फिरवते का?”

मुग्धा जिन्यात येऊन उभी राहिली होती. तिनं पुढे येऊन टॉवेलवरून लेकीला उचललं आणि वर गेली. वरचं दार हळूच लागलं.

त्या घरात सगळं हळूच व्हायचं, आणि अंजनाबाईला याचाच जास्त जाच होता. हुडकेश्वरला सकाळी नळ आला की आधी भांडण यायचं, मग पाणी. “काय वं अंजने, तुह्या बापाचा नळ हाय का?” असं शेजारीण ओरडायची, अंजनाबाई तिच्या सात पिढ्या काढायची, आणि दुपारी दोघी एकाच सुपात गहू निवडत बसायच्या. इथे कोणी ओरडत नव्हतं. ताट पुढे सरकवायचे, नजर दुसरीकडे. खिडकीबाहेर बर्फ पडून पडून मळकट झालेला. तिकडे आता उन्हं कडक झाली असतील, लोक माळ्यावरून कूलर उतरवून खस बदलत असतील. घामाच्या त्या धारांचीसुद्धा तिला आठवण यायची. साडेतीन महिन्यांत तिला एकदाही घाम आला नव्हता. अंग आपलं नाहीच असं वाटायचं.

खिडकीत एका कुंडीत तुळशीसारखं काही लावलेलं होतं. पानं मोठी, वास जवळपास तोच. आल्यापासून ती रोज अंघोळ झाली की त्याला पळीभर पाणी घालून हात जोडायची. तुळस नसेना का, तिच्या कुळातली तर असेल. एका एकादशीला जावयानं त्याचा शेंडा खुडून नूडल्सवर टाकला. अंजनाबाईनं डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, त्याले समजत नाई, तू मनावर घेऊ नोको.

चारुशीलाताईंनी मग मोबाइलवर बघून स्वतः मालिश करायला घेतली. गुडघे दुखत म्हणून त्या बाळाला टेबलावर ठेवायच्या. गार्गी घर डोक्यावर घ्यायची. अंजनाबाई पाठमोरी, सिंकपाशी. खांद्यापासून खाली घ्या, पोटावर उलटं फिरवू नका, एवढं सांगितलं असतं तरी पोर गप्प झाली असती. तिची बोटं साबणाच्या पाण्यात आपोआप वळायची. ती घासणी घट्ट धरून ठेवायची. तिनं रोज सकाळी मन चाचपून पाहिलं. राग होता तिथेच होता, उलट मुरत चालला होता.

चौथ्या दिवशी चारुशीलाताई जवळ येऊन उभ्या राहिल्या. “आमच्या घरचं अन्न खाता आणि आमच्याच लेकराला रडवता. देवाची भीती नाही वाटत?”

“त्याचीच वाटते, ताई. म्हून तं लावत नाई.”

“नाटकं आहेत सगळी!”

“राहू द्या नाटकं. पासपोर्ट द्या, पडदा पाडते.”

पासपोर्ट ताईंच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली ताईंच्या गळ्यात.

तिला फोन मिळायचा तो फक्त रविवारी. शनिवारचं विमान तिच्याविना गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं मौद्याला, मेघाच्या सासरी फोन लावला.

“कवा येऊन राहिली?” मेघानं विचारलं.

“तिकीट पुढं ढकललं वं यायनं. पन मी भांडून राहिली. येतेच.”

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

“म्हंजे नाई येत.”

“येते म्हनलं ना, मेघे.”

“लोकायच्या पोरीचे सव्वा महिने केले तू जिंदगीभर. पानी तापवू तापवू हात भाजले. माह्या टायमालेच तू नाई.” आणि मग, अगदी हलक्या आवाजात, “सासू रोज इचारते, तुही माय कुठी हाय. काय सांगू?”

पुढच्या रविवारी मेघानं फोन उचलला नाही. अंजनाबाईनं सात वेळा लावला.

सोळाव्या दिवशी मुग्धानं पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद ओट्यावर आणून ठेवला. निसरड्या बर्फावर वाळू फेकावी तसा. “उद्याचं विमान आहे. मला घरात असं माणूस नको. माझ्या बाळाकडे बघून तुम्ही सोळा दिवस भांडी घासत राहिलात. माणूस आहात की काय?”

चारुशीलाताई मागून म्हणाल्या, “आणि लक्ष्मीनगरात परत पाऊल ठेवू नका. एकाही घरात तुम्हाला काम मिळणार नाही, हे मी बघते.”

“बघा,” अंजनाबाई म्हणाली.

निघताना गार्गी मुग्धाच्या खांद्यावर होती. तिनं अंजनाबाईला ओळखलं. हुंकार दिला, मूठ उघडली, बोटं हवेत हलवली. अंजनाबाईनं मनात डोकावून पाहिलं. अजून धग होती. तिनं बोट पुढे केलं नाही. लांबूनच हात जोडले, जणू देवळाबाहेरून, आणि गाडीत जाऊन बसली. ती रडली नाही. तेवढा आनंद त्या घराला द्यायचा नव्हता.

नागपूरच्या विमानतळावर तिचा दीर नत्थू ऑटो घेऊन उभा होता. बाहेर पाऊल टाकताच ऊन अंगावर धावून आलं. तिला घाम फुटला आणि तिनं तो पुसला नाही.

“मौद्याले घे, नत्थू. घरी मंग जाऊ.”

नत्थूनं ऑटो चालू केला नाही. हँडलवर हात ठेवून तो समोर बघत राहिला. “वैनी, पोरगं झालं. सहा दिस झाले. पंधरा दिस आंधीच झालं. बरे हायेत दोघंई.”

“सहा दिस?”

“हो.”

“अन् मले सांगितलं काहून नाई गा कोनी?”

“मेघानं शपथ घातली ना. म्हने, तिले सांगशीन तं माह्या मेल्याचं तोंड पाहशीन. बाळंतीन बाई, काय बोलावं?”

अंजनाबाईनं बोटांवर हिशोब केला. त्या शनिवारच्या विमानानं आली असती, तर बाळाच्या आठवडाभर आधी पोचली असती. दवाखान्याच्या त्या खाटेजवळ उभी असती. ती एवढंच म्हणाली, “वाटेत तेल घे. तिळाचं. घानीवरचं.”

मौद्याला मेघाच्या सासूनं, कामिनीबाईनं, अंगणातच स्वागत केलं. “या, या, विलायतवाल्या ईनबाई! पाचवी परवा झाली बरं. पाटा-वरवंटा आम्हीच पुजला. आता का बाळाची मुंज कराले आल्या?”

“बोला, ईनबाई. तुमचा हक्क हाय,” अंजनाबाई म्हणाली आणि आत गेली.

मेघा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कानाला स्कार्फ घट्ट बांधलेला, पण चुकीचा, गाठ कानामागे टोचेल अशी. बाळ तिच्या कुशीत, पदराखाली. फक्त एक टाच दिसत होती. कोरडी, साल निघालेली.

“कशी हाय वं?”

“दिसून नाई राहिलं?”

“तेल आनलं. ईनबाई ऊन करून देतीन. तुह्या कमरेले अन् याच्या...”

“नोको.”

“थोडंसं, मेघे. टाच पाह्य त्याची.”

मेघा उठून बसली. डोळे सुजलेले, पण पाणी नव्हतं त्यात. “दुसऱ्याच्या लेकराले लावलेले हात हायेत ते. तीन महिने लावले. माह्या लेकराले नोको.”

अंजनाबाईच्या ओठांशी सगळं आलं. तो ओटा, ती झाकलेली वाटी, ती उघडलेली मूठ. पण नेम बोलून दाखवला की तो आपला राहत नाही. आणि लेकीला तो सांगून तिच्याकडून माया मागायची, म्हणजे तर व्यापारच. तिनं ते सगळं गिळलं.

“बरं,” ती म्हणाली. “सव्वा महिन्यातले बत्तीस दिस उरले. तेवढे मी पुरे करून देईन.”

“कोनी बोलावलं?”

“कोनी नाई.”

“मी हात लावू देनार नाई.”

“बसून राहीन.”

कामिनीबाई उंबऱ्यातून हसल्या. “हुडकेश्वरवरून रोज येनार? दोन-दोन गाड्या बदलून? वेड-बिड लागलं का वं त्या बर्फात?”

“लागलं असंल,” अंजनाबाई म्हणाली. तिनं तेलाची बाटली पिशवीत परत घातली. मेघा पुन्हा भिंतीकडे वळली होती. अंजनाबाई तासभर खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. कोणी तिला पाणी विचारलं नाही. मग ती उठली आणि मेघाच्या पाठीला म्हणाली, “उद्या सात वाजता येते.”

“नोको येऊ.”

“साडेसात होतीन कदाचित. गाडीचं काही सांगता येत नाई.”

दुसऱ्या दिवशी ती चारला उठली. विमानाचा शीण अंगात तसाच होता, दिवस कुठला आणि रात्र कुठली हे शरीराला अजून कळत नव्हतं. अंघोळ केली, देवाला दिवा लावला. तेलात दोन लसणाच्या पाकळ्या आणि चिमूटभर ओवा घालून ते मंद आचेवर कढवलं, गाळलं, बाटलीत भरलं. बाटलीला आधी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, मग वर्तमानपत्र. नत्थूला उठवलं नाही. मानेवाडा चौकापर्यंत पायी गेली, तिथून मिळेल त्या ऑटोनं पारडी नाक्यावर.

भंडाऱ्याकडे जाणारी एसटी अर्धी रिकामी होती. लोक सावलीची बाजू धरून बसले होते. उन्हाची सगळी बाकं मोकळी.

“कुठं, बाई?” कंडक्टरनं विचारलं.

“मौदा. जाऊन-येऊन.”

“इकडं बसा ना मग. त्या बाजूनं चटके बसतीन तुमाले.”

“बसू दे,” अंजनाबाई म्हणाली. ती खिडकीपाशी सरकली, कागद सोडला आणि चिंधीतली बाटली दोन्ही हातांनी उन्हात धरून बसली.