मुठीतली ऊब

द्राक्षाचा हिरवा मणी लाली धरू लागला की त्यात कोणती जनुकं जागी होतात, हे दोघी बहिणी एकाच सरांच्या प्रयोगशाळेत शोधत होत्या. कौतुक मात्र धाकटीच्याच वाट्याला येई, आणि थोरलीच्या पोटात दुखे.

मळ्यात धाकटीने तोडलेले मणी थोरलीच्या हातात दिले. "ताई, लगेच गोठव हं. हाताची ऊब लागली तर भलतीच जनुकं जागी होतील."

धाकटी वळली तशी थोरलीने मूठ मिटली. मणी चांगले कोमट झाल्यावरच तिने ते गोठवण्याच्या डब्यात सोडले.

निकालात भलतीच जनुकं जागी दिसली. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माझ्याच हातून उशीर झाला, सर," धाकटी थोरलीकडे न बघता म्हणाली.

"असा खरेपणा हवा," सर म्हणाले.

पुन्हा कौतुक तिचंच. टेबलाखाली थोरलीची मूठ आपोआप मिटली.