दीपमाळेपाशी काढलेले जोडे

आमच्या घरधन्यांना विषमज्वर झाला होता, तेव्हा मी वाघजाईला बोलले होते, हे उठून बसू देत, मी बारा वर्षं रोज सकाळी तुला फूल वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. ते उठले. मी गप्प झाले. गावात म्हणू लागले, गड्याला देवी दोनदा पावली.

बारा वर्षांतला शेवटचा दिवस वैशाखात आला. ते शेवटचं फूल काही घरच्या टाकावर वाहून भागणार नव्हतं. नवस बोलला तो मूळ ठाण्याला, फेडायचाही तिथंच. आणि मूळ ठाणं होतं धरणाच्या पोटात. मुळशीचं धरण भरायला लागलं तेव्हा गावानं घंटा, समया, पालखी सगळं वरच्या नव्या देवळात आणलं. देवीचा तांदळा, तो शेंदराचा दगड, तेवढा हलेना. सहा बैल लावले म्हणतात. मग सगळे म्हणाले, आईची मर्जी, आणि आईला पाण्यात ठेवून वर निघून आले. त्याला तीस वर्षं झाली.

त्या साली पाणी फार उतरलं. आधी दीपमाळेचं टोक दिसलं, मग देवळाचा चौथरा उघडा पडला. पण मधे सगळा गाळ, वरून भाकरीसारखा भाजलेला आणि खाली खिरीसारखा. एक रेडा त्यात शिंगांपर्यंत गेला होता.

या गाळावरून माणसं नेण्याची विद्या गावात एकट्या हैबतराव हवालदारांना होती, आणि ती त्यांनी आणली होती काश्मिरातून. अठ्ठेचाळीस साली पलटण बर्फात होती, तिथं पायाला जाळीचे रुंद जोडे बांधून चालायला शिकले. ‘बर्फ काय आन गाळ काय, दोन्ही माणूस गिळत्यात,’ असं त्यांचं म्हणणं. भिवाजी बुरुडाकडून त्यांनी बांबूचे तसले सहा जोड करून घेतले होते आणि दर उन्हाळ्यात नवशिक्यांना गाळावर फिरवत. मागल्या साली पुण्याचे दोन साहेब आले होते. त्यातल्या एकाचं धोतर अजून तिथंच आहे.

आदल्या दिवशी दुपारी खळ्यावर आमची कवायत झाली. हवालदारांमागं भिकू गुरव, मग शेजारच्या रत्नाबाई, मग पौडचे मोहिद्दीन कासार, ओटीच्या हिरव्या बांगड्या घेऊन आलेले. त्यांच्या आजाचं घर त्या देवळालाच लागून होतं. चौथ्या आमच्या थोरल्या जाऊबाई, गोजराबाई. पाचवी मी.

“पाय फाकून टाका. गुडघा वर. आपल्याच जोड्यावर आपला पाय देऊ नका,” हवालदार ओरडत होते. “वळायचं तर बैलगाडीवानी लांबनं वळा. आन काय बी झालं तरी जोडा काढायचा न्हाई. जोडा काढला की मानूस संपला.”

मला जोड्यांचं वेगळंच भय. दिसायला अगदी सूप. सूप म्हणजे लक्ष्मी, तिला पाय कसा लावायचा? मी विचारलं. माझा आवाज मुळातच बेताचा, कुणाला ऐकू गेलं नाही.

“ती म्हनतीया, सुपाला पाय लावायचा व्हय?” गोजराबाईंनी माझ्या वतीनं विचारलं. बारा वर्षं सकाळी माझ्या वतीनं बोलून बोलून त्यांना सवय लागली होती. आता दुपारचंही त्याच बोलत.

“कुकू लावलं न्हाई तवर निस्ता बांबू,” भिकूनं निकाल दिला.

“आन गाळात सुपासकट गेली तर धान्य पाखडाय येईल,” गोजराबाई म्हणाल्या. त्या हसल्या की सगळे हसत.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही गाळावर उतरलो. मी घट्ट कासोटा मारलेला, ओटीत नारळ, खण, हातघंटी, आणि केसांत ते एक चाफ्याचं फूल. हवालदारांचा नियम असा, की पन्नास पावलांवर ते “गिनती!” म्हणून ओरडणार आणि मागच्यांनी मागं न बघता आकडे सांगायचे. मागं बघितलं की तोल जातो.

“गिनती!”

“एक!” “दोन!” “तीन!”

“चार! आन हिचं पाच!” गोजराबाई.

असं पाच-सहा वेळा झालं. गाळ जोड्यांखाली हुंकार देत होता, पण धरत नव्हता. मला तर मजाच वाटू लागली. आणि मग दीपमाळ आली.

आता दीपमाळ म्हणजे देवळाचं अंगण. लहानपणापासून पायांना जे वळण आहे, ते डोक्याला विचारत नाही. पुढचे सगळे जोड्यांसकट फटक-फटक करत देवीच्या अंगणात शिरले, आणि मला शिसारी आली. मी दीपमाळेच्या दगडी पायथ्यावर बसले, दोऱ्या सोडल्या, दोन्ही जोडे दीपमाळेपाशी नीट जोडीनं ठेवले, हात जोडले आणि अनवाणी पाऊल टाकलं.

मांडीपर्यंत गेले.

तो पाय उपसायला गेले तर दुसरा त्याच्याही खाली गेला. पुढचे पोचत होते चौथऱ्याला. दगडावर चढले.

“गिनती!”

“एक!” “दोन!” “तीन!”

“चार! आन हिचं पाच!”

मी कमरेपर्यंत होते. ओरडावं तर बारा वर्षं जातात. फूल अजून केसांत. मी ओटीतली घंटी काढली आणि जिवाच्या आकांतानं वाजवली.

 चौथऱ्यावरून गोजराबाईंचा गहिवरलेला आवाज आला, “आई गं! देवळाची घंटा वाजली!” आणि माझ्याकडं पाठ करून सगळे तांदळ्यापुढं आडवे झाले. हवालदारांनी तर सलाम ठोकला.

“गोजराबाई, देवळातली घंटा तर वर गावात न्हेली की,” मोहिद्दीनभाई म्हणाले.

“म्हनूनच तर चमत्कार!”

मी आणखी जोरात वाजवली. ते आणखी मनोभावे आडवे झाले. रत्नाबाई रडायला लागल्या. गाळ माझ्या पोटाला लागला, गार, आणि आतून कुणी पदर ओढावा तसा ओढू लागला. माझ्या मनात आलं, ही घंटी मी जितकी वाजवीन तितकी ही माणसं देवीकडंच बघणार. बारा वर्षं पुरी होतील, मी पुरी बुडेन, आणि गोजराबाई परतीच्या वाटेवरही “हिचं पाच” म्हणतील.

“गोजरे!” मी ओरडले. थोरल्या जावेला, नावानं. “भवाने, देवी न्हाई ती, मी हाय! मी बुडतीया! मागं बघा की मुडद्यांनो!”

दीपमाळेवरचे बगळे उडाले. माझा आवाज एवढा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

हवालदार आले, पालथे पडले, माझेच जोडे गाळावर आडवे टाकले आणि त्यावरून मला ओढून काढलं. बर्फातून जवान काढतात तसं, असं ते नंतर वर्षभर सांगत होते. चौथऱ्यावर आणून ठेवली तेव्हा मी छातीखाली निव्वळ चिखल होते. फूल तेवढं कोरडं.

“फूल वाहायच्या आत शब्द ग्येला,” भिकू म्हणाला. “नेम मोडला. आता पुन्यांदा एकपासनं.”

“आनिक बारा वर्सं?” गोजराबाई म्हणाल्या. शिवी खाऊनही त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. “असू दे, सगुणे. मी हाय की तुज्या वतीनं बोलाय.”

मोहिद्दीनभाईंनी गुपचूप बांगड्या पुढं केल्या. मी तांदळ्यावरचा गाळ पदरानं पुसला. पदरही गाळाचाच, त्यामुळं फारसा फरक पडला नाही. तीस वर्षं ही बाई पाण्याखाली गप्प बसली, आणि कुणी “हिचं सहा” असंसुद्धा म्हटलं नाही. मी ओटी भरली, फूल वाहिलं आणि तिला सरळ सांगितलं, बारा वर्षांत एक दिवस कमी पडला, तो तुझ्या अंगणात जोडे काढण्यात गेला. धरायचा तर धर, नाही तर सोड.

परतीला मी जोडे घट्ट बांधले. दीपमाळ आली तरी काढले नाहीत.

“गिनती!”

“एक!” “दोन!” “तीन!”

“चार! आन हि...”

“पाच!” मी म्हणाले.