घड्याळात न मावलेले झटके

"आधी घड्याळ बघायचं, मग रडायचं," आई सांगायची. धाकट्याला फिटचा झटका किती वाजता आला, किती वाजता थांबला, दोन्ही वहीत लिहायचं. आई गेल्यावर ताईनं त्याचा नेमच केला. धाकट्या भावाचं त्या दिवसाचं पान लिहिल्याशिवाय संध्याकाळचा घास तोंडात घालायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी भावाच्या मेंदूत खोलवर दोन बारीक तारा बसवल्या, छातीवर कातडीखाली बॅटरी. महिन्याला वीस झटके यायचे, ते चारावर आले. गेले पाच महिने तर रोजच्या पानावर नुसती तारीख होती, बाकी पान कोरं. तो आधी कामाला होता त्या छापखान्याच्या मालकांनी त्याला शब्द दिला होता, सहा महिने कोरे दाखव, कागद कापायचं मशीन पुन्हा तुझं.

आज डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांचा मेंदूचा आलेख पडद्यावर लावला.

"दिवसाला दहा-बारा आहेत. पाच-सहा सेकंदांचे. घरी दिसले नाहीत?"

दिसले होते. बोलता बोलता तो हरवायचा, हातातली वाटी तशीच अधांतरी राहायची. पण ताईची नजर सेकंदकाट्यावर जाईपर्यंत परत आलेला असायचा. ना सुरुवात सापडायची ना शेवट, मग लिहायचं काय? तिनं ते झटक्यांत धरलेच नव्हते.

"झटका एका जागी बसून राहत नाही," बाई समजावू लागल्या. "मेंदूत त्याच्या वाटा असतात. बऱ्याच वाटा मधल्या एका नाक्यावरून जातात. तिथं वीज सोडून आम्ही त्याला अडवतो. मोठे अडले. पण या छोट्या झटक्यांच्या काही वाटा त्या नाक्याकडे फिरकतच नसाव्यात."

"म्हणजे नाकाबंदी चोख आहे, पण चोराला गल्ल्या ठाऊक," भाऊ म्हणाला. कुणी हसलं नाही.

"वीज अजून वाढवली तर?" ताईनं विचारलं.

"मागे वाढवली होती ना."

तेव्हा तीन आठवडे तो उदास होऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताईनं मान खाली घातली.

"मग आता?"

"आता आहे तेवढं टिकवायचं."

बाहेर बाकावर दोघं टेकले.

"ताई, पाच सेकंदांत मशीनचं पातं दोनदा खाली येतं."

"नको रे सांगूस. माझंच चुकलं. लिहायला हवं होतं मी."

"लिहिलं असतंस तर हे पाच महिने तरी मजेत गेले असते का? वेडी आहेस." मग तो तिच्याकडे वळला. "मालकांना तू सांग. मशीन दुसऱ्याला द्या म्हणावं. आजच सांग. उद्या मीच म्हणेन, थांबू या अजून महिनाभर."

"सांगते."

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना."

घरी आल्यावर तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली आणि तो ती गिळेपर्यंत उभी राहिली. शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं. मग चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि छापखान्याच्या रस्त्याला लागली.