डब्यातली काळी एक

या दुरुस्तीतून मधुसूदनच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पैसे नव्हेत. कृष्णरावबुवांकडून पैसे घेण्याची छाती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याच मराठी घराला नव्हती, आणि बुवांनाही ते चांगलं ठाऊक होतं. मिळणार होती दहा मिनिटं, तीही त्याला नव्हे, त्याच्या मुलीला.

बुवांचे गुरू सदाशिवराव यांची पुण्यतिथी दर मार्गशीर्षात गोरखीजवळच्या एका जुन्या दालनात होई. बुवा गायला बसण्याआधी एका नव्या गळ्याला दहा मिनिटं देण्याची चाल होती. त्या दहा मिनिटांत जो गायला, त्याचं नाव गावात झालं. इंदूर-पुण्याकडून बोलावणी आली ती त्यालाच. बाकीच्यांच्या वाट्याला लग्नातली मंगलाष्टकं. गरिमा बावीस वर्षांची होती, गळा चांगला होता, पण तिला शिकवणारी बाई गावात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्यामुळे बुवांनी स्वतः दुकानात निरोप धाडला, "मधू, डबा बोलता कर. पोरीला यंदा मी बसवतो," तेव्हा मधुसूदनने समोरचा उघडा टीव्ही तसाच बाजूला सरकवला.

मधुसूदनचं दुकान महाराज बाड्यामागच्या गल्लीत, जिन्याखाली. टीव्ही, कूलरचे पंखे, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनचे बोर्ड असं काय काय त्याच्याकडे येई, आणि दहातल्या सात रोग्यांना रोग एकच. कपॅसिटर. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात माणूस सुकतो तिथे ती बोटाच्या पेराएवढी नळकांडी काय टिकणार? आतला ओलावा उडतो, डोकं फुगतं, आणि वीज सांभाळून धरायचं तिचं काम ती हळूहळू सोडून देते. गिऱ्हाइकाला वाटतं, मशीन अचानक गेलं. अचानक काही जात नाही, मधुसूदन म्हणे, तुमचं लक्ष अचानक जातं.

बुवांचा डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. वीस वर्षांचा, बटणावर लाल ठिपका मारलेला. बोटं आखडल्यापासून बुवांनी तारांचा तानपुरा खुंटीला टांगला होता आणि या डब्याच्या साथीने गात होते. ठिपक्यावर बटण ठेवलं की काळी एक, पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर. सदाशिवरावांचा सूर तो. त्या घराण्याची आण अशी, की पुण्यतिथीला गुरूच्या सुरातच गायचं, आणि ज्याला तो सूर पेलणार नाही त्याने जागा सोडायची, पुन्हा त्या गादीवर बसायचं नाही. दुसरी आण अशी, की त्या दालनात पेटी आणायची नाही. सदाशिवरावांना पेटी चालत नसे.

डबा उघडण्याआधी मधुसूदन नेहमी आजारी मशीनची तक्रार ऐकून घेई. त्याने डबा लावला. आत भुंगा अडकल्यासारखी घरघर, आणि तिच्याखाली दबलेला सूर. दुपारच्या जेवणाचा डबा घेऊन आलेली गरिमा तिथेच उभी होती.

"बाबा, हा ठिपका काळी एकचा आहे ना?"

"वीस साल से."

"मग हा पांढरी सात बोलून राहिलाय. खालची." तिने फोनवरचं सूर मोजायचं ॲप समोर धरलं. "पूर्ण एक स्वर उतरलाय."

मधुसूदनला सुरातलं काही कळत नव्हतं, पण विजेतलं कळत होतं. त्याने झाकण काढलं. मुख्य कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं, बुडाशी तपकिरी चिकटा. विजेचा पुरवठा पोकळ झाला होता आणि सूर त्याच्यासोबत खाली बसत गेला होता, वर्षाला केसभर. त्याने चार जुनी नळकांडी उतरवली, चार नवी बसवली, एकेक सोल्डर भिंगाखाली तपासलं. चालू केलं तेव्हा घरघर गेली होती.

गरिमाने फोन पाहिला, मग फोन खाली ठेवून नुसतं ऐकलं. "आता बरोब्बर काळी एक."

"पाहिलंस? नवा करून टाकला." मधुसूदन इतका खुशीत आला की त्याने चहावाल्याला मलाई मारके दोन सांगितले.

संध्याकाळी दोघं डबा घेऊन बुवांकडे गेले. तबलजी संभाजीराव आधीच आले होते. वनखात्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. हातोडी घेऊन ते तबला लावायला बसले, आणि डब्याचा सूर कानी पडताच त्यांची हातोडी थांबली. त्यांनी मधुसूदनकडे एकदा पाहिलं. मग काही न बोलता तबला चढवायला लागले. त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

"वा," बुवा म्हणाले. "घरघर गेली. मधू, गुण आहे तुझ्या हाताला."

त्यांनी यमन सुरू केला. खालच्या सुरांत सगळं ठीक होतं. मध्यावर मान थोडी ताठली. मग वरचा सा घ्यायची वेळ आली. बुवांनी डोळे मिटले, हात वर नेला, आणि आवाज मधोमध फाटला. कापड फाटतं तसा, आडवा. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर नेला, पण आवाज लावलाच नाही.

खोलीत फक्त डबा बोलत होता. स्वच्छ.

"मधू," बुवा म्हणाले, "काय केलंस तू याला? चढवलास."

मधुसूदनच्या ओठांवर उत्तर तयार होतं. बुवा, चढवला नाही, उतरला होता तो जागेवर आणला. एवढंच वाक्य. पण बोलायला तोंड उघडलं आणि त्याला आत्ता कुठे हिशेब लागला. डबा उतरत गेला तसे बुवाही त्याच्यामागे उतरत गेले होते. पेटी नाही, शागीर्द नाहीत, सांगणार कोण? ते वाक्य बोललं की म्हाताऱ्याने आणेप्रमाणे गादी सोडायची, आणि सोडायची तीही आठ दिवसांवर पुण्यतिथी असताना. त्याने संभाजीरावांकडे पाहिलं. संभाजीरावांनी नकारार्थी मान हलवली. इतकी कमी, की डासासाठी हलवली म्हटलं तरी चाललं असतं.

बुवांनी वर नेलेला हात खाली आणला आणि बटण ठिपक्यावरच आहे ना ते चाचपून पाहिलं.

"चुकलं बुवा," मधुसूदन म्हणाला. "कपॅसिटर भलत्या मापाचे पडले माझ्याकडून."

"भलत्या मापाचे!" बुवांच्या आवाजात एकदम जीव आला. "अरे, गुरूंच्या सुराशी खेळ? तीस वर्षं दुकान चालवून राहिलास ना तू? मला वाटलं माझाच गळा..." ते थांबले. मग त्यांची नजर दाराशी उभ्या गरिमावर गेली. "आणि तू गं? तू गाणारी ना? डबा दुकानात वाजला तेव्हा होतीस तिथे?"

"होते."

"मग? सूर चढलाय, कळलं नाही तुला?"

गरिमाने बापाकडे पाहिलं. बाप डब्याच्या मागच्या स्क्रूकडे पाहत होता.

संभाजीरावांनी हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही कळलं, बुवा."

"हं." बुवांनी मान हलवली. रागाने नव्हे, अगदी मायेनेच. "गळा आहे तुझा, ऐकलाय मी. पण बेटा, कान नसेल तर गळ्याचं काय लोणचं घालायचं? यंदा राहू दे. गुरूंच्या समोर बेसुराला बसवलं असं नको व्हायला."

"ती लहान आहे बुवा," मधुसूदन घाईने म्हणाला, "चूक माझी..."

"चूक तुझी, ती मी माफ केली. कान कसा माफ करू?"

यावर मधुसूदनकडे एकच उत्तर होतं, आणि ते त्याने मघाशीच गिळलं होतं. त्याने खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण सरकवलं आणि आतला, सूर वर-खाली करायचा छोटा पेच उलटा फिरवत गेला. सूर खाली, आणखी खाली आला.

"हां," बुवा म्हणाले. "बस. ही काळी एक."

पुण्यतिथीला दालन भरलं. दहा मिनिटांसाठी मुरारहून आलेला अभिराम नावाचा मुलगा बसला, बरा गायला. मग बुवांनी तासभर यमन गायला, आणि खरं सांगायचं तर असा गायला की मागच्या रांगेतले बँकवालेसुद्धा फोन विसरले. गरिमा प्रसादाची ताटं लावत होती. मधुसूदन खांबाशी उभा होता. भलते कपॅसिटर घालणारा म्हणून त्याची ख्याती एव्हाना पडाव मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. बुवांनीच, कुणाचं वाईट न चिंतता, ती चार जणांना सांगितली होती.

मध्यंतरात संभाजीराव त्याच्याजवळ आले.

"पाच सालं झाली मी तबला उतरवून राहिलोय," ते हळूच म्हणाले. "शेवटी खालच्या सुरासाठी मोठ्या तोंडाचा नवाच घेतला."

"मग बोलले का नाहीत?"

"तू बोललास?"



परतताना बाड्यावर गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मधुसूदन पाठीमागे बसलेल्या गरिमाकडे न वळता म्हणाला, "पुढच्या वर्षी मी स्वतः बुवांशी बोलतो."

"काय बोलाल?"

तो सिग्नलवरचे उरलेले आकडे मोजू लागला.

"बाबा, तुम्ही खोटं बोलले ते ठीक केलं," गरिमा म्हणाली. "मी पण तेच केलं असतं. फक्त माझ्याकडे एकदा बघायला हवं होतं तुम्ही. मला विचारायला हवं होतं."

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

तर कोणी किती भरलं ते असं. बुवांनी काहीच नाही. त्यांना काही भरायचं होतं हे ठाऊक होतं की नाही, हेही कुणी विचारलं नाही. संभाजीरावांनी एक तबला आणि पाच वर्षांचं मौन. मधुसूदनने दुकानाचं नाव. तेही फार तर सहा महिन्यांसाठी, कारण उन्हाळा आला की कपॅसिटर फुगतात आणि लोकांना नाव विसरावं लागतं. दया त्याने दाखवली, दयाळूपणाचं समाधानही त्यालाच मिळालं. आणि जिने सूर उतरल्याचं ऐकताक्षणी ओळखलं होतं, तिने सगळ्यांसमोर आपल्याला कान नाही असं सांगितलं. बाकीच्यांची बाकी तिनेच भरली.